दुकान आपले, सर्टिफिकेट दुसऱ्याचे

पनवेलच्या उरण नाक्यावरून स्टेशनकडे पायी निघा आणि वाटेत किती मेडिकल स्टोअर्स लागतात ते मोजा. एखाद्या दुकानापाशी थांबून काउंटरमागे उभ्या असलेल्या मुलाकडेही पाहा. पुष्कळदा तो आपल्याच मोहल्ल्यातला निघेल. वडील वेल्डर, सुतार, टाइल्स बसविणारे किंवा रिक्षा चालविणारे. सकाळी नऊला तो शटर उघडतो, रात्री दहाला ओढतो. जे डॉक्टरांचे अक्षर शिकल्यासवरल्या माणसालाही लागत नाही ते तो एका नजरेत वाचतो. कोणत्या कंपनीची गोळी कोणत्या खणात आहे, कोणते इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचे, कोणत्या औषधाची मुदत पुढल्या महिन्यात संपते, हे सारे त्याला तोंडपाठ असते.

पण दुकानाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत जो कागद लावलेला असतो त्यावर त्याचे नाव नसते. कित्येकदा मालकाचेही नसते. ते असते तिसऱ्याच एका माणसाचे. तो फार्मासिस्ट महिन्यातून एखाद्या वेळी येतो आणि नाव वापरू दिल्याबद्दल ठरलेली रक्कम घेऊन जातो. व्यापारात ज्याला आपण 'लायसन भाड्याने घेणे' म्हणतो तोच हा प्रकार. कायद्याच्या दृष्टीने मात्र दिवसभर राबणारा तो मुलगा दुकानात औषध देणारा म्हणून अस्तित्वातच नाही.

आरोग्यसेवेत आपली मुले नाहीत, अशी तक्रार आपण सभा-संमेलनांतून नेहमी ऐकतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने तिला आकडाही दिला : राज्य शासनांच्या आरोग्य खात्यांत मुस्लिम कर्मचाऱ्यांचे प्रमाण ४.४ टक्के. २००१ च्या जनगणनेत देशातील मुस्लिमांची संख्या १३.४ टक्के होती, हे लक्षात घेतले म्हणजे अंतर कळते. तरीही 'मुले नाहीत' असे म्हणणे पुरते खरे नव्हे. मुले आहेत. ती मेडिकलच्या काउंटरवर आहेत, चष्म्याच्या दुकानात काचा घासत आहेत, रुग्णवाहिका चालवीत आहेत, लॅबोरेटरीतून रक्ताचे नमुने पोहोचवीत आहेत, खाजगी इस्पितळांत वॉर्डबॉय आहेत. दारापर्यंत ती आलेली आहेत. आत जाण्याचा कागद त्यांच्या हातात नाही.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. बाकी कोणी दिले तर तो गुन्हा. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार किरकोळ विक्रीचा परवाना नमुना २० व २१ मध्ये मिळतो. त्यासाठी किमान १० चौरस मीटर जागा लागते आणि चिठ्ठीवरची विक्री फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच व्हावी लागते. कायदा नवा होता तेव्हा पहिल्या नोंदवहीत निव्वळ अनुभवाच्या जोरावरही नाव चढविता येत असे. बरीच जुनी दुकाने त्या जोरावर चालली. तो दरवाजा बंद होऊन आता कित्येक वर्षे लोटली. आजही काही बुजुर्ग व्यापारी 'आमच्या अब्बांनी कुठे कॉलेज केले होते?' असे विचारतात. त्यांच्या काळात ते चालले, एवढेच त्याचे उत्तर.

भाड्याच्या नावावर धंदा किती कच्चा असतो हे २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राने पाहिले आहे. महेश झगडे त्या वेळी राज्याचे अन्न व औषध प्रशासन आयुक्त होते. दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच, असा आग्रह त्यांनी धरला आणि तपासण्या सुरू केल्या. औषध विक्रेत्यांच्या संघटना खवळल्या, बंदची हाक दिली गेली, वाद बराच पेटला. विक्रेत्यांचे काही मुद्दे विचार करण्याजोगेही असतील. पण ज्याच्या घरातच फार्मासिस्ट होता, त्याला त्या दिवसांत रात्री शांत झोप लागत होती. हा हिशेब व्यापाऱ्याला वेगळा समजावून सांगायला नको.

दोन वर्षे आणि पाचशे तास

काउंटरपासून त्या चौकटीतल्या कागदापर्यंतचे अंतर किती? बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचा डी. फार्म. आणि त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीला जीवशास्त्र किंवा गणित यांपैकी एक विषय हवा. महाराष्ट्रात या डिप्लोमाचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होतात, त्यासाठी सीईटी लागत नाही. परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. फार्मसी कौन्सिलने २०२२ साली डिप्लोमानंतरच्या एक्झिट परीक्षेचे नियमही काढले आहेत, तेव्हा प्रवेश घेतानाच तिच्याबद्दल कॉलेजात नीट विचारून घ्यावे. नोंदणी महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते. नंतर शिकायची उमेद राहिली तर डी. फार्म. वाल्याला बी. फार्म. च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

पदवीचा सरळ रस्ता चार वर्षांचा आहे. त्याला सीईटी द्यावी लागते. आपल्या कोकणी कुटुंबांत आखाताची वाट पिढ्यान् पिढ्यांची आहे, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. अमिरातीत फार्मासिस्टचा परवाना पदवीधरालाच मिळतो. डिप्लोमावाल्याला तिथे टेक्निशियन म्हणून काम करावे लागते. दुबईला जायचे असेल तर पदवी, पनवेलात स्वतःचे दुकान घालायचे असेल तर डिप्लोमा पुरेसा. निर्णय घरात बसून, खर्चाची मांडणी करून घ्यावा.

पदवीसाठी मुंबईलाच जायला हवे असेही नाही. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस नवीन पनवेलात खांदागावाजवळ आहे. तिथे इंजिनियरिंग आणि आर्किटेक्चरसोबत फार्मसीची शाळाही आहे. अंजुमनच्या इथल्या पॉलिटेक्निकला अब्दुल रज्जाक काळसेकर यांचे नाव आहे. काळसेकर हे नाव अत्तराच्या बाजारातले : रासासी ही दुबईची पेढी १९७९ साली त्यांनीच सुरू केली. पनवेल आणि औषधे यांचे नाते तर त्याहून जुने आहे. 'श्री धूतपापेश्वर' हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना इथे १८७२ सालापासूनचा. गाड्या आणि गाड्यांची चाके बनविणारे गाव म्हणून जुन्या गॅझेटियरमध्ये पनवेलची नोंद सापडते. चाके बनविणाऱ्यांचे दिवस मोटारींनी संपविले. औषधवाल्यांचे अजून चालू आहेत.

विज्ञान शाखा हुकली, मुलगा कॉमर्स किंवा आर्ट्स करून बसला, तर सारे संपले असे नाही. घाऊक औषधविक्रीचा परवाना नमुना २०-बी व २१-बी मध्ये मिळतो. त्याची अट सौम्य आहे. तिथे फार्मासिस्ट चालतोच. शिवाय औषधविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेला कोणताही पदवीधर चालतो, किंवा दहावी पास होऊन चार वर्षांचा अनुभव असलेला माणूस चालतो. म्हणजे सात-आठ वर्षे काउंटरवर काढलेला आपला मुलगा होलसेलसाठी पात्र ठरू शकतो. अडचण एकच. त्याचा अनुभव कागदावर कुठेच नसतो. पगार रोख, हजेरी तोंडी, मालकाचे पत्र नाही. सात वर्षांची मेहनत परवाना अधिकाऱ्यापुढे शून्य ठरते. ज्यांच्याकडे अशी मुले कामाला आहेत त्या दुकानदारांनी पगार बँकेतून द्यावा आणि वर्षाकाठी एक अनुभवपत्र लिहून द्यावे. त्याला छदामही खर्च येत नाही.

चष्म्याच्या धंद्यात हीच कथा आहे. फ्रेम विकणारे, काच कापणारे आपले. डोळे तपासणारा बाहेरचा, किंवा कोणीच नाही, नुसते मशीन. ऑप्टोमेट्रीची पदवी इंटर्नशिप धरून चार वर्षांची आहे. पनवेलात लक्ष्मी आय इन्स्टिट्यूटशी संलग्न असे ऑप्टोमेट्रीचे महाविद्यालयच आहे. बापाचे चष्म्याचे दुकान आहे आणि मुलगा बी. कॉम. करून त्याच गल्ल्यावर बसला आहे, असे दृश्य दिसले की हळहळ वाटते.

अकरावीचा जून महिना

बहुतेक मुलांची वाट कुठे बंद होते? ती कॉलेजात नव्हे, दहावीच्या निकालानंतरच्या पंधरा दिवसांत बंद होते. सायन्सची क्लासची फी मोठी, शिवाय 'एवढा कुठे डॉक्टर होणार आहे?' हे घरातले वाक्य. डॉक्टर व्हायचे नसेल तर सायन्स कशाला, असा आपला समज. प्रत्यक्षात डॉक्टर सोडून बाकीच्या कित्येक कामांसाठीच ते सायन्स लागते : फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटरमधले तंत्रज्ञ. एमबीबीएसच्या जागा थोड्या आणि स्पर्धा जीवघेणी. या कामांना तेवढी रस्सीखेच नाही, आणि एकेका इस्पितळाला डॉक्टरांपेक्षा अशी माणसे जास्त लागतात. कामोठ्याचे एमजीएम इस्पितळ आणि वैद्यकीय महाविद्यालय, खारघरचे टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक, नवीन पनवेलचे शंकरा नेत्र रुग्णालय, ही सारी आपल्या अंगणातली. विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरात उड्डाणे सुरू झाली. वस्ती वाढणार, त्यापाठोपाठ इस्पितळे वाढणार.

मुलींसाठी परिचर्येची वाट विज्ञानाविनाही खुली आहे. एएनएम दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा. दोन्हींना बारावी कोणत्याही शाखेची चालते. जीएनएम मुलांनाही खुला आहे, याची माहिती फारच थोड्या घरांत असते. बी. एस्सी. नर्सिंगला मात्र सायन्सच हवे.

इथे फसवणुकीपासून सावध करणे भाग आहे. दोन खोल्यांत चालणाऱ्या, 'सहा महिन्यांत नर्स', 'एका वर्षात लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी' अशा पाट्या लावणाऱ्या संस्था गल्लोगल्ली आहेत. माझ्या ओळखीच्या एका कारागिराने मुलीसाठी अशाच एका संस्थेत उसनवारीचे पैसे भरले. सर्टिफिकेट मिळाले, छान रंगीत होते. इस्पितळाने ते पाहिले आणि परत केले. पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : नोंदणी कोणत्या कौन्सिलकडे होणार? नर्सिंग असेल तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, औषधशास्त्र असेल तर फार्मसी कौन्सिल, लॅब व इतर तंत्रज्ञ असतील तर महाराष्ट्र परावैद्यक परिषद. उत्तर गोलमोल आले तर उठून यावे.

कागदांची लढाई

पैशाची सोय अनेक ठिकाणी आहे, पण ती कागदांच्या कुलुपात आहे. मोमीन, पिंजारी, अत्तार, बागवान, तांबोळी, मणियार, शिकलगार अशा कारागीर व व्यापारी बिरादऱ्या महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस व एसईबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची शिकवणी व परीक्षा फी व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण माफ केली आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही, अभिमत विद्यापीठांनाही नाही. जी कोकणी व इतर घराणी ओबीसीत येत नाहीत त्यांच्या मुलींनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. त्यातही एक मेख आहे : अल्पसंख्याक संस्थांत ईडब्ल्यूएसचे आरक्षण लागू नसते. तिथे जागा अल्पसंख्याक कोट्यातून मागावी लागते.

ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या लोकांचे घोडे इथेच अडते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात मास्तरांनी नुसते 'मुसलमान' लिहून ठेवलेले असते. मग चुलत आजोबांचा दाखला शोधा, जन्ममृत्यूची नोंद शोधा, जमिनीचा उतारा शोधा, जुन्या शाळेचे रजिस्टर पाहा. यात महिने जातात आणि प्रवेशाची फेरी कोणासाठी थांबत नाही. म्हणून बारावीचा निकाल लागल्यावर नव्हे, मुलगी अकरावीत असतानाच हे काम काढावे. जमातीच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा कारकुनाने आठवड्यातून एक संध्याकाळ मशिदीशेजारच्या खोलीत बसून लोकांचे कागद पाहिले, तर एका बक्षीस समारंभापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

बांधकामावर राबणारा आपला कारागीर आणखी एका मदतीला मुकतो. गवंडी, सुतार, रंगारी, फरशी बसविणारा, वेल्डर, प्लंबर यांनी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले असेल तर राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. नोंदणी असलेल्याच्या पहिल्या दोन मुलांना मंडळ शिक्षणासाठी मदत देते : अकरावी-बारावीला वर्षाला १०,००० रुपये, पदवीला २०,०००, वैद्यकीय पदवीला १ लाख. नवीन पनवेल, उलवे, खारघर इथल्या इमारतींवर आपले किती हात लागले आहेत! त्यांतल्या किती जणांकडे मंडळाचे कार्ड आहे, हे घरोघर विचारावे.

शैक्षणिक कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. ज्यांना व्याजाची अडचण वाटते त्यांच्यासाठी जमातीच्या निधीतून कर्जे-हसना देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. ती लग्न आणि आजारपणासाठी जशी वापरली जाते तशी डी. फार्म. च्या फीसाठीही वापरता येईल.

बुडणारा पगार

फी माफ झाली, कागद मिळाले, तरी एक अडचण उरतेच आणि तीच सर्वांत मोठी आहे. समजा मुलगा दुकानातून महिन्याला बारा हजार घरी नेतो. दोन वर्षे कॉलेजात गेला तर २ लाख ८८ हजार रुपये घरात येणार नाहीत. कॉलेजची फी याहून कमी असू शकते. म्हणून वेल्डर बाप म्हणतो, 'बेटा, काम चालू आहे ना, चालू दे.' त्याला शिक्षणाचे महत्त्व कळत नाही असे नाही. त्याला किराणा दुकानाची उधारी कळते.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ही गाठ फार साध्या रीतीने सोडविली. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर ते सुरू केले. मोठे होताना मनुष्यबळ लागले तेव्हा त्यांनी आसपासच्या खेड्यांतल्या शेतकरी घरांतून बारावी झालेल्या मुली निवडल्या. त्यांना दोन वर्षे रुग्णालयातच शिकविले आणि शिकत असताना विद्यावेतन दिले. डोळे तपासणे, शस्त्रक्रियेत मदत करणे, रुग्णांशी बोलणे, रुग्णालयाचा बराचसा गाडा याच मुली ओढतात. घराला पैसे मागितले नाहीत, उलट घरात थोडे पाठविले. म्हणून मुली आल्या.

आपल्याकडे एवढे मोठे रुग्णालय कोणी काढावे असे सांगायचे नाही. पण मेडिकल, चष्मा आणि लॅबचे मालक आपल्यातही आहेत. डी. फार्म. चे वर्ग दिवसा असतात आणि ७५ टक्के हजेरी लागते. तेव्हा मुलाला नऊ ते नऊ कामावर ठेवून कॉलेज होणार नाही. मात्र संध्याकाळी सहा ते दहा काउंटरवर उभे राहता येते, आणि मेडिकलची खरी गर्दी त्याच वेळी असते, हे मालकाला माहीत आहे. चार तासांचा पगार अर्धा जरी दिला तरी घराची चूल पेटती राहते. डिप्लोमानंतरचे ५०० तास कॉलेजने मान्य केलेल्या मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्टच्या हाताखाली करता येतात. म्हणजे ते तास त्याच दुकानात, त्याच खणांसमोर होऊ शकतात, फक्त दुकानात खरा फार्मासिस्ट बसत असला पाहिजे. भाड्याच्या नावावर चालणाऱ्या दुकानाला असा प्रशिक्षणार्थी घेता येत नाही.

मालकाचा हिशेब असा : तिसऱ्या माणसाला दरमहा दिले जाणारे नावाचे भाडे दोन-अडीच वर्षांत वाचते आणि धाडीची भीती जाते. मुलगा शिकून निघून जाईल, ही शंका सेठ लोक बोलून दाखवितात. काही जातील. पण नोंदणीवाला मुलगा निघून गेला तर तो बहुधा स्वतःचे दुकान घालील आणि त्याच्याही काउंटरवर मोहल्ल्यातलाच एखादा मुलगा उभा राहील. दहावीचा निकाल लागला की तो मुलगा काम विचारायला दुकानात येतोच. त्या वेळी त्याला विचारा, अकरावीला कुठला फॉर्म भरलास?